हल्ला ३ जुलैला, आगाऊ बुकिंग सुरू

परग्रहावरून येणाऱ्या शत्रूचा एक गुण मान्य करायलाच हवा. तो वेळ पाळतो. १९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या थिएटरांत एका सिनेमाचा ट्रेलर दाखवत होते. २ जुलैला ते येणार, ३ जुलैला हल्ला करणार आणि ४ जुलैला आपण त्यांना उत्तर देणार, असं त्यात स्वच्छ बजावलेलं होतं. कुठल्या तरी दुसऱ्या सूर्यमालेतून निघायचं आणि नेमकं अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुट्टीला पृथ्वीवर टपकायचं, ही शिस्त कौतुकाचीच. शिवाय समजूतदारपणा बघा. ऐन परीक्षेत किंवा मार्चअखेरीला हे लोक येत नाहीत. पोरांना सुट्टी असते, थोरांच्या खिशात चार पैसे असतात, थिएटरात एसी चालू असतो, तेव्हा येतात.

सिनेमा होता ‘इंडिपेन्डन्स डे’. त्याचा जन्मच मुळी दुसऱ्या सिनेमाची हवा करताना झाला. दिग्दर्शक रोलंड एमरिक आणि त्याचा लेखक-निर्माता साथीदार डीन डेव्हलिन हे आपल्या आधीच्या ‘स्टारगेट’च्या प्रसिद्धीसाठी फिरत होते. एका पत्रकाराने एमरिकला विचारलं, की परग्रहवासीयांवर तुमचा विश्वास नाही म्हणता, मग असले सिनेमे काढता कशाला? (हा प्रश्न आपल्याकडे पौराणिक मालिकांच्या निर्मात्यांना कुणी विचारत नाही, ते एक असो.) एमरिक म्हणाला, विश्वासाचं सोडा. समजा, एक दिवस सकाळी उठून बघता तर काय, जगातल्या मोठमोठ्या शहरांवर पंधरा-पंधरा मैल रुंदीची यानं तरंगताहेत! एवढं बोलून तो डेव्हलिनकडे वळला आणि म्हणाला, पुढच्या सिनेमाची कल्पना सापडली बहुतेक. पत्रकार बिचारा उत्तराची वाट बघत राहिला असणार.

पंधरा मैल म्हणजे साधारण चोवीस किलोमीटर. एक टोक चर्चगेटवर ठेवलं तर दुसरं जोगेश्वरीच्या आसपास जातं, आणि मधल्या तमाम सोसायट्यांत पापड वाळत घालायची पंचाईत.

दोघांनी मेक्सिकोला जाऊन महिन्याभरात पटकथा लिहिली. ती बाजारात पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने होकार दिला आणि तीन दिवसांत, फेब्रुवारी १९९५ मध्ये, तयारी सुरूही झाली. आपल्याकडे निर्मात्याचा होकार येईपर्यंत नायकाच्या भूमिकेसाठी धरलेला नट नायकाच्या बापाच्या भूमिकेला योग्य होऊन बसतो. इथे बजेट होतं साडेसात कोटी डॉलर. अडचण एकच होती, की सिनेमाच्या नावाचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे होते आणि फॉक्सच्या मनात ‘डूम्सडे’ असं काहीतरी प्रलयंकारी नाव घोळत होतं. मग दिग्दर्शक-लेखकांनी काय करावं? पडद्यावरच्या राष्ट्राध्यक्षाच्या भाषणात शेवटी ते नावच गुंफून टाकलं. आता भाषण कापल्याशिवाय नाव बदलता येईना. जगाला वाचवायला निघालेला राष्ट्राध्यक्ष विमानात बसण्यापूर्वी आधी निर्मात्याचं एक काम करून गेला.

पण खरी हवा झाली ती २८ जानेवारी १९९६ ला. त्या दिवशी सुपर बोल होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना. या सामन्याला अमेरिकेत आपल्याकडच्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याइतकं महत्त्व आहे. फरक एवढाच, की आपण जाहिरात लागली की पाणी प्यायला उठतो आणि तिकडे काही लोक खेळ सुरू झाला की उठतात. नऊ कोटींहून जास्त माणसं टीव्हीसमोर बसली होती. सामना एनबीसीवर होता, तरी फॉक्सने स्वतःचं चॅनेल बाजूला ठेवून प्रतिस्पर्ध्याकडे तीस सेकंदांचे सुमारे तेरा लाख डॉलर मोजले. त्या तीस सेकंदांत त्यांनी एकच महत्त्वाची गोष्ट केली. व्हाइट हाउस उडवून दिलं.

इथे मला हॉलीवूडच्या धाडसाचं खरंच कौतुक वाटतं. सिनेमा यायला पाच महिने आहेत, त्यातलं सर्वांत महाग, सर्वांत नेत्रदीपक दृश्य तुमच्या हातात आहे, आणि ते तुम्ही फुकट दाखवून टाकता! हे म्हणजे लग्नाच्या पाच महिने आधी रुखवत मांडून गावाला आमंत्रण. पण झालं उलटंच. ज्यांनी ते पाहिलं त्यांना तेच पुन्हा, मोठ्या पडद्यावर, पॉपकॉर्न खात बघायचं होतं. ‘पुढे काय होतं’ हे बघायला लोक सिनेमाला जातात, असं आपण उगाच समजतो. आपल्याला ठाऊक आहे तेच आपल्या डोळ्यांदेखत होतंय, याचं सुख काही वेगळंच. आपला माणूस एकच संगीत नाटक दहा-दहा वेळा बघतो तेव्हा काय होतं? सौभद्रात अर्जुनाला सुभद्रा मिळणार की नाही, या काळजीने का कुणी तिकीट काढतं?

ते व्हाइट हाउस उडवलं कसं, हेही सांगण्यासारखं आहे. प्रतिकृती दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद होती. तिच्यात चाळीस ठिकाणी स्फोटकं भरली होती आणि हा एक भडका उडवायचं नियोजन आठवडाभर चाललं. नऊ कॅमेरे लावले होते. ते वेगवेगळ्या वेगाने चालत होते आणि त्यातला एक सेकंदाला ३०० चौकटी टिपत होता. पडद्यावर सिनेमा चालतो सेकंदाला २४ चौकटींनी, तेव्हा तिथला एक सेकंद पडद्यावर बारा सेकंदांहून जास्त पुरतो. या धीमेपणातच सगळी जादू आहे. लहान घराला आग लागली की ज्वाळा तुरुतुरु पळतात आणि खेळणं पेटलंय हे पोरालाही कळतं. त्याच ज्वाळा संथ केल्या की राजवाडा जळू लागतो. शहराच्या रस्त्यांतून आगीचा लोंढा धावत येतो, त्याची करामत तर याहून भारी. त्यांनी छोट्या शहराची प्रतिकृती चक्क आडवी पाडून उभी टेकवली, खाली स्फोट केला आणि कॅमेरा वर ठेवला. आग स्वभावाप्रमाणे वर चढली. प्रेक्षकांना वाटलं, रस्त्यावरून अंगावर येतेय. हे सगळं संगणकावर सहज झालं असणार, अशी आजच्या पोरांची समजूत असते. त्या काळात सुतार, रंगारी आणि बारूदवाले यांच्याशिवाय जगाचा अंत होत नसे.

आपल्याकडे तेव्हा इंग्रजी सिनेमा उशिरा येई, पण हवा वेळेवर पोचे. केबल नुकतीच घराघरांत शिरली होती आणि कुठल्याशा कार्यक्रमात ते व्हाइट हाउस दिवसातून चार वेळा उडायचं. आमच्या आजीने एका रविवारी ते पाहिलं. टीव्हीचा आवाज बंद होता, कारण आजोबा झोपले होते. त्याच रविवारी आत्याच्या मुलाचा न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोन आला. त्या काळात परदेशचा फोन म्हणजे घरातल्या सगळ्यांनी ओळीत उभं राहून प्रत्येकी दोन वाक्यं बोलायची आणि दोन्ही ओरडून बोलायची.

“अरे, तुमच्या राष्ट्रपतींचं घर पडलं म्हणे!” आजी.

“आजी, तो सिनेमा आहे गं.”

“तुमच्या घरापासून लांब आहे ना पण?”

“अगं, सिनेमा आहे! अजून आलेला पण नाही.”

“बरं बरं, येईल तेव्हा येईल. पण तू चार दिवस बाहेर पडू नकोस.”

आजीला हसायचं कारण नाही, कारण नातू राहात होता ते न्यू जर्सी या बाबतीत आधीच बदनाम आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या मंडळींनी सीबीएस रेडिओवर एच. जी. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चं रूपांतर बातम्यांच्या थाटात सादर केलं आणि मंगळवासीयांना उतरवलं ते याच राज्यातल्या ग्रोव्हर्स मिल नावाच्या खेड्यात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी अख्खा देश घाबरून रस्त्यावर धावत सुटल्याच्या बातम्या दिल्या. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं, की त्या वेळी हा कार्यक्रम ऐकणारेच मुळात थोडे होते. बहुतेक देश दुसऱ्या स्टेशनवर एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराचा कार्यक्रम ऐकत बसला होता. रेडिओवर शब्दभ्रमकार! आपल्या पाध्यांचे अर्धवटराव निदान दिसत तरी होते. इथे ओठ हलले की नाही हे बघायची सोयच नव्हती, तरी लोक खुशाल होते. अशा श्रोत्यांना मंगळवासीयांनी घाबरवायला हवंच होतं कशाला, कुणी काही सांगितलं तरी चाललं असतं.

घबराटीची बातमी फुगवण्यात वर्तमानपत्रांचा स्वार्थ होता, कारण रेडिओने त्यांच्या जाहिराती पळवल्या होत्या. पण झालं काय? त्या बातम्यांमुळे वेल्सचं नाव झालं आणि कार्यक्रमाला प्रायोजक मिळाला. तोही कोण, तर डबाबंद सूप करणारी कॅम्पबेल कंपनी. मंगळवासीय आले, काही न जिंकता गेले आणि जाताना सूप ठेवून गेले. ग्रोव्हर्स मिलला १९८८ मध्ये, पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून, या अवतरणाचं स्मारकही उभं राहिलं. जे घडलंच नाही त्याचं स्मारक वेळेत पूर्ण झालं. आपल्याकडे खऱ्याखुऱ्या इतिहासाच्या स्मारकांच्या पायाभरणीचेच वर्धापनदिन साजरे होतात.

तर ‘इंडिपेन्डन्स डे’. एप्रिल १९९६ मध्ये नेवाडा राज्याने आपल्या एका ओसाड रस्त्याला ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’, म्हणजे परग्रहवासी महामार्ग, असं नाव दिलं आणि त्या समारंभात फॉक्सची मंडळी हौसेने सामील झाली. सुमारे दीडशे किलोमीटरचा हा रस्ता. वाटेत रेचल नावाची मूठभर लोकांची वस्ती. रस्त्यावर माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि त्यांच्यापासून सावध राहण्याचे फलक. राज्यपालांनी गमतीने सुचवलं, की नव्या नावाच्या काही पाट्या जमिनीवर आडव्या टाकाव्यात, म्हणजे वरून येणाऱ्यांना उतरायला बरं. रस्त्याजवळच लष्कराचं ते प्रसिद्ध गुप्त ठिकाण आहे, एरिया ५१. त्याचा सिनेमात उल्लेख आहे म्हणून अमेरिकी लष्कराने निर्मात्यांना देऊ केलेली मदत काढून घेतली. म्हणजे एका खात्याने सांगायचं, असं ठिकाणच नाही, आणि दुसऱ्याने त्याच्या शेजारी पर्यटकांसाठी पाटी लावायची. सरकारी कारभार कुठल्याही गोलार्धात सारखाच असतो, याने मला नेहमीच धीर येतो. ते ठिकाण खरोखर आहे, हे सीआयएच्या कागदपत्रांतून अधिकृतपणे बाहेर यायला पुढे २०१३ साल उजाडलं. तोवर तिथे काय चालतं हे सिनेमामुळे जगातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत झालं होतं.

हवेचा कळस झाला तो प्रत्यक्ष व्हाइट हाउसमध्ये. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हा सिनेमा तिथल्या खासगी थिएटरात पाहिला. सोबत पाहुण्यांमध्ये पडद्यावर अध्यक्ष झालेला बिल पुलमन. ज्या घराच्या ठिकऱ्या उडताना बघायच्या त्याच घरात बसून त्या बघायच्या, ही मजा आणखी कुणाच्या नशिबी आली असेल? शिवाय वर्ष निवडणुकीचं, तेव्हा विरोधी उमेदवार बॉब डोल मागे कसे राहतील? वर्षभरापूर्वी याच डोलसाहेबांनी लॉस एंजेलिसला जाऊन हॉलीवूडची संस्कृतिबुडवे म्हणून खरडपट्टी काढली होती. जुलैमध्ये ते सपत्नीक सिनेमाला गेले आणि बाहेर येऊन सहकुटुंब बघण्याची शिफारस केली. साऱ्या देशाला एका मुद्द्यावर एकत्र आणण्याचं काम शेवटी परग्रहवासीयांनीच केलं. ते गेल्यावर पुन्हा ज्याचा तो आपापल्या पक्षात.

लोकांना तर ३ जुलैपर्यंत धीर धरवेना. पुष्कळ थिएटरांनी २ जुलैच्या संध्याकाळीच खेळ लावले, म्हणजे शत्रू सिनेमात यायला आणि सिनेमा गावात यायला एकच दिवस. ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठ परग्रहवासीयांना दिलं. पहिल्या आठवड्यात अमेरिकेतच दहा कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमला आणि जगभरात मिळून तो एक्क्याऐंशी कोटींवर गेला. त्या वर्षी याहून जास्त कुणीच कमावलं नाही. आणि दुष्काळात तेरावा म्हणतात त्याच्या नेमकं उलट, म्हणजे सुकाळात अधिकमास यावा तसं झालं. ७ ऑगस्टला नासाने जाहीर केलं, की अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या एका उल्केत पुरातन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात. शास्त्रज्ञ त्यावर पुढे वर्षानुवर्षं भांडले आणि बहुतेकांना ते पटलं नाही. पण सिनेमा थिएटरात चालू असताना फॉक्सला ही जाहिरात एक पैसाही न मोजता मिळाली.

एक गोष्ट मात्र आधीच्या सगळ्या गाजावाजात त्यांनी लपवून ठेवली, आणि शहाणपणाने ठेवली. माणूस जिंकतो कसा, ही. जेफ गोल्डब्लम अॅपलच्या लॅपटॉपवर एक व्हायरस तयार करतो आणि शत्रूच्या महायानात सोडतो. ते साल १९९६ होतं हो! आमच्या ऑफिसात तेव्हा दोन टेबलांवरच्या दोन कंप्युटरांची एकमेकांशी ओळख पटत नव्हती, आणि प्रिंटरची तर दोघांशीही नव्हती. ट्रेलरमध्ये हे दाखवलं असतं तर जगभरचे सिस्टिमवाले थिएटराबाहेर धरणं धरून बसले असते.

यशाची ही कृती हातात आहे म्हटल्यावर एमरिक-डेव्हलिन जोडीने १९९८ मध्ये ‘गॉडझिला’ आणला. या वेळी हवा करायची रीत उलटी. प्राणी पूर्ण दाखवायचाच नाही. बसच्या अंगावर लिहायचं, की त्याचा पाय या बसएवढा लांब आहे. आकाराला महत्त्व असतं, असं भिंतीभिंतींवर बजावायचं. महिनोन् महिने लोक त्या पायाकडे बघत राहिले. शेवटी मे महिन्यात पडदा उघडला आणि सगळा प्राणी दिसला तेव्हा लोक म्हणाले, ‘अच्छा, हा का तो?’ गल्ला काही वाईट नव्हता, पण जेवढी हवा भरली होती त्या मानाने फुग्यातून फुस्स आवाजच आला. झाकलेल्या ताटावर लोक मनातल्या मनात काय काय वाढून ठेवतात, याचा हिशेब कुणी केला नव्हता.

आणि टिम बर्टनचा ‘मार्स अटॅक्स!’ तर बिचारा ‘इंडिपेन्डन्स डे’च्या मागोमाग डिसेंबर १९९६ मध्ये आला आणि अमेरिकेत आपटला. माझा तो लाडका सिनेमा. त्यात मंगळवासीय हसत हसत सगळ्यांचं वाटोळं करतात आणि त्यातले काही ताजमहालासमोर रांगेने उभे राहून फोटो काढून घेतात, मागे ताजमहाल कोसळत असताना. परग्रहावरून आलेल्यांना भारतातली एवढी एकच इमारत माहीत असते, हे आपण कधीचं सोसतोय. मुंबईचं व्हीटी स्टेशन घ्या, विजापूरचा गोलघुमट घ्या. चांगल्या जागा आहेत, कोसळताना शोभतीलही, पण विचारतो कोण? मात्र फोटोची ती हौस बघून मला खात्री पटली, की मंगळावर माणसंच राहात असणार.

वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, फॉक्सने ‘इंडिपेन्डन्स डे : रिसर्जन्स’ काढला. बजेट दुपटीहून जास्त, १६.५ कोटी डॉलर. पहिल्या सिनेमातला विल स्मिथ नव्हता. कथेत त्याला आधीच मारून टाकलं होतं. ट्रेलरमध्ये या वेळी लंडनवर दुबईतली बुर्ज खलिफा उचलून आदळली होती. पण एव्हाना लोकांनी पडद्यावर इतक्या वेळा शहरं पडताना पाहिली होती, की कुणाला काही वाटेना. तेच रुखवत घरोघरी मांडलं, तर कोण बघायला जातं? जगभरचा गल्ला पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी झाला. तरी प्रसिद्धीच्या बाबतीत नशीब पुन्हा धावून आलंच. अमेरिकेत सिनेमा लागला २४ जून २०१६ ला. त्याच पहाटे लंडनमध्ये, ब्रेक्झिटच्या सार्वमताचा कौल दिसू लागल्यावर, ब्रेक्झिटवाल्यांचे पुढारी नायजेल फराज माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की २३ जून हा आमचा स्वातंत्र्यदिन म्हणून इतिहासात नोंदवा. सिनेमाचं नाव असं जगभरच्या बातम्यांत गेलं, आणि तेही फुकट. पडद्यावरचं लंडन दोन तासांत पडून आटोपलं. पडद्याबाहेरच्या खेळाचं मध्यंतरच साडेतीन वर्षांहून जास्त चाललं.